कोळी झेलणारी छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. बाहेरून काळी आणि आतून पांढरी. अशी छत्री तुम्ही कुठे पाहिली नसेल, म्हणून आधी त्या पांढऱ्या रंगाचीच गोष्ट सांगते.

पुण्यातल्या एका कारागिराने मला बांधले. वेताची मूठ, पोलादी काड्या आणि वर जाड काळे कापड. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या नंदाबाईंनी मला विकत घेतले. लोणावळ्याच्या पावसात छत्रीला उसंत कुठली! मी इमानाने पाणी अडवले. पाऊस ओसरला, तेव्हा वाटले, आता खुंटीवर निवांत लटकावे. पण बाईंनी सुईदोरा घेतला आणि माझ्या पोटाला जुन्या धोतराचे पांढरे अस्तर शिवले. मला काही उमगेना.

उमगले ते कार्ल्याच्या वरच्या डोंगरमाथ्यावर. १९३६ सालचा आश्विन होता. माथ्यावरच्या गवतात सोनकीची पिवळी फुले दाटली होती. बाई वर्गातल्या मुलींना घेऊन कोळी गोळा करायला निघाल्या होत्या. शाळेत अनेकांनी नाके मुरडली होती. "एका जरी मुलीला काही झाले, तर पुन्हा सहल नाही," असे मुख्याध्यापिकांनी बजावले होते.

वाटेत वर्गातल्या शालूचे वडील रखमाजी भेटले. भाताच्या बांधावरूनच ते म्हणाले, "बाई, पोर लय भित्री हाय. झुरळ दिसलं तरी उतरंडीवर चढती. कोळी काय धरनार ती?"

शालूने मान खाली घातली. बाई हसून म्हणाल्या, "नाही धरले तर छत्री धरेल."

वर पोचताच बाईंनी मला उघडले आणि चक्क उलटे धरले! दुसऱ्या हाताने त्यांनी झुडपावर काठी आपटली. टपटप टपटप कोळी माझ्या पोटात पडू लागले. हिरवे, करडे, खेकड्यासारखे तिरपे चालणारे, मुंगीसारखे दिसणारे. पांढऱ्या अस्तरावर ते कसे लख्ख दिसत! मुली त्यांना अलगद बाटल्यांत घेत आणि तोंडाला मलमल बांधत. शाळेत चार दिवस निरखून त्यांना पुन्हा गवतात सोडायचे ठरले होते.

जवळच मुक्ताबाई म्हशी चारत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अवो बाई, छत्री उलटी झालीया! पाऊस साठवताय व्हय?"

आधी मला लाज वाटली. पण मुलींचे चेहरे पाहिले आणि लाज पळाली. वरून पडेल ते अडवणे माझे काम होते. ते झेलण्यात एवढी गंमत असेल, हे मला ठाऊक नव्हते.

बाईंना मात्र एक कोळी हवाच होता. पिल्ले पाठीवर घेऊन हिंडणारी मादी. मुली तिला 'कोळीण' म्हणू लागल्या. दुपार कलली तरी कोळीण काही सापडेना. शालू तर बाटलीलाही हात लावत नव्हती. "तू निदान छत्री तरी धर," म्हणून बाईंनी मला तिच्या हाती दिले.

एवढ्यात धुके आले आणि मागोमाग वारा. शालूच्या हातातून मी सुटले. गवतावरून गडगडत, कोलांट्या खात निघाले. "बाईंची छत्री!" म्हणत शालू माझ्यामागे धावली. पुढे कडा होता. धुक्यात तो तिला दिसत नव्हता, मला मात्र खालचा वारा लागत होता. मला ओरडता आले असते तर!

"शालू, थांब! छत्री जाऊ दे!" बाईंचा आवाज फाटला.

तेवढ्यात धुक्यातून मुक्ताबाई गरजल्या, "पोरी, फुडं कडा हाय! हाय तितंच बस!"

शालू मटकन खाली बसली. मी कड्यालगतच्या कारवीच्या झुडपात अडकले. एक काडी मोडली. मुक्ताबाईंनी आधी शालूला दंडाला धरून मागे आणले आणि मग काठीच्या आकडीने मला ओढून घेतले. बाईंनी शालूला घट्ट कवटाळले. "छत्री दुसरी मिळते गं," एवढेच त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने शालूने डोळे पुसले आणि माझ्यात डोकावली. "बाई... कोळीण!"

गवतातून गडगडताना ती माझ्यात आली होती. धक्क्याने तिची पिल्ले अस्तरभर विखुरली होती. सगळ्या जणी माझ्याभोवती वाकल्या. एकेक पिल्लू आईच्या पायावरून चढले आणि पाठीवर जाऊन चिकटले. एक मात्र वाट चुकून पार कडेला गेले. भित्र्या शालूने बोट पुढे केले. पिल्लू बोटावर चढले. तिने ते हळूच आईपाशी उतरवले.

"आईच हाय की ती बी," मुक्ताबाई पुटपुटल्या.

"हिला नको न्यायला, बाई," शालू म्हणाली. बाईंनी मान डोलावली. कोळीण पिल्लांसकट सोनकीत दिसेनाशी झाली.

शाळेत बाईंनी कड्याची गोष्ट लपवली नाही. मुख्याध्यापिका आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वाटाड्या म्हणून मुक्ताबाईंना बरोबर घ्या." सहली पुढे बरीच वर्षे चालल्या. माझी काडी तारेने बांधली गेली आणि दर आश्विनात मुलींमध्ये मला धरण्यावरून भांडणे झाली. मग नंदाबाई निवृत्त झाल्या आणि मी शाळेच्या कपाटामागे पडले. कापड विरले, काड्या गंजल्या. कुणी विचारीना, तेव्हा वाईट वाटायचे.

आता वाटत नाही. परवाच माझ्या घडीत एक कोळीण राहायला आली आहे. मित्रांनो, कपाटामागे झाडायला याल तेव्हा मला टाकण्याआधी जरा सावकाश उघडा. आत बाळंतीण आहे.