आपोआप उठणारा कठडा

पीं.

दुपारची लाईट गेली होती, पंखा थांबला होता, सासूबाईंचा डोळा लागला होता. घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता, म्हणून तो एवढासा आवाज स्वयंपाकघरातून थेट माझ्यापर्यंत आला. मोबाईल माझ्या मांडीजवळ होता. वाजण्यासारखं दुसरं काही घरात नाही. मी शेंगांचं सूप बाजूला सारून उठले.

रुद्राणी ज्वारीच्या कोठीपाशी फतकल मारून बसली होती. कोठीचं झाकण उघडं, फरशीवर ज्वारी, केसांत ज्वारी आणि मुठीत दोन बटणांचं काळं डबडं.

"आई, ह्ये चिमणीवानी बोलतंय," ती म्हणाली आणि बटण दाबलं. पीं.

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. ती रडायच्या बेतात आली, तेव्हा तिच्या गालाला चिकटलेला दाणा बोटानं टिपून तिलाच भरवला. ती हसली. मला हसू आलं नाही.

तो कठड्याचा रिमोट होता. आणि म्हाळूदादा पडला तेव्हा तो त्याच्याच खिशात होता, मग गवतात कुठंतरी हरवला, असं सगळ्या वडवणीला माहीत होतं. हे सांगणारा माझा नवरा सिद्धारामच होता.

सिद्धाराम विजयसिंहदादांचा ट्रेलर चालवतात. उसाचा हंगाम आला की दादांची ऊसतोडीची मशिनं त्यावर चढवायची आणि कारखान्यांच्या भागात नेऊन सोडायची. यंदा हंगामाच्या दोन महिने आधीच दादांनी नवा ट्रेलर घेतला आणि तोवर मशिनं दुरुस्तीला नेण्याआणण्यासाठी तो रोज चालत होता. बेड ताटासारखा उघडा, पण दोन्ही कडांना लोखंडी कठडे घडी घालून निजवलेले. शिडीपाशी एक काचेचा डोळा आहे. माणूस बेडवर चढू लागला की तो डोळा त्याला बघतो, फुस्स करून हवा सुटते आणि कठडे आपोआप कमरेइतके उभे राहतात. माणूस उतरला की पुन्हा निजतात. मशीन चढवताना कठडा मध्ये आला तर रिमोटच्या एका बटणानं तेवढ्यापुरता पाडायचा, दुसऱ्यानं पुन्हा उठवायचा. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा सिद्धारामनी रुद्राणीला बेडवर उभं केलं होतं. दोन्ही बाजूंनी कठडे उठले आणि ती टाळ्या पिटत ओरडली, "पाळणा! बाबांनी लई मोठा पाळणा आणला!"

हंगामाच्या पहिल्याच सोमवारी त्या पाळण्यातून म्हाळूदादा उताणा खाली आला. मशीनला साखळ्या आवळायचं काम त्याचं. कमरेचं हाड मोडलं. सिद्धाराम म्हणाले, त्यानंच रिमोटनं कठडा पाडला आणि विसरला. विजयसिंहदादांनी पुढची ओळ जोडली, "घेतली आसंल." दोन दिवसांत बाजारभर तेच झालं. आता विम्याचा माणूस गाडी बघायला येणार होता. कठडा ठीक निघाला की चूक म्हाळूदादाची. मग दवाखाना त्याचा त्यानं बघायचा, आणि दारू पिऊन पडलेल्या माणसाला पुन्हा गाडीवर कोण घेतो?

मी ज्वारी भरली. रिमोट होता तिथंच खुपसून ठेवला.

संध्याकाळी सिद्धाराम आले, हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. कोठीचं झाकण वाजलं.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"न्हाई, ज्वारीला किडे झालेत का बघावं म्हनलं."

लग्नाला सहा वर्षं झाली. ह्या माणसानं ज्वारी भाकरीच्या रूपाशिवाय कधी पाहिली नव्हती.

"झालेत का मग?"

"कुठं काय." हात झटकत ते बाहेर आले. "उद्या म्हाळूकडं जानार हैस का तू?"

"डबा नेते म्हनलं विमलबाईंना."

"कावून? त्यांचे पाहुणे हायेत की. उगा लेकरू घिऊन दवाखान्यात जाऊ न्हाई."

मी हो म्हटलं. ह्यांनी आजवर मला कुठं जाऊ नको असं म्हटलं नव्हतं. ताटावर बसले, अर्धी भाकरी सोडली. रुद्राणी नेहमीसारखी मांडीवर चढून गाडीची गोष्ट मागू लागली, तर म्हणाले, गाडीचं नाव काढू नको. ती माझ्या कुशीत येऊन तोंड लपवून बसली. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले आणि ह्यांच्याकडं बघत राहिले. आपल्याच घरात बसलेल्या आपल्या माणसाकडं असं चोरून बघायला मला कसंसंच होत होतं, पण डोळे मागं वळेनात. ह्यांनीच पाडला असेल. मशीन चढवायची घाई असेल, कठडा मध्ये येत असेल. मग रिमोट उचलला आणि...

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि रुद्राणीला घेऊन बीडची एसटी धरली.

दवाखान्यात म्हाळूदादाची बायको विमलबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आलात व्हय बघायला? जित्ता हाय म्हनावं अजून. जाऊन सांगा ड्रायव्हरसायबाला."

"आगं, वैनीला बसू तर दे," म्हाळूदादा म्हणाला. उताणा पडल्यामुळं तो छताशी बोलत असल्यासारखं वाटत होतं. रुद्राणी त्याच्या उशीजवळ जाऊन उभी राहिली. त्यानं तिचं बोट धरलं. "काय बाई, पाळण्यात बसलीस का न्हाई परत?"

ती मान हलवून नाही म्हणाली.

"म्हाळूदादा, रिमोट तुमच्यापाशी होता का?"

"माझ्यापाशी? मला मोबाईल धड उचलता येत न्हाई, वैनी. पोरगं लावून देतं तवा बोलतो. मी कशाला त्या बटणाच्या वाटंला जातोय? साखळी वढीत मागं सरत गेलतो. रोज तसंच करतो. कठडा पाठीला लागला की तिथं टेकायचं अन् जोर लावायचा. त्या दिवशी टेकलो, तर मागं काईच न्हाई. उठलाच नव्हता तो, वैनी. जुन्या गाडीवर मी कवाच पडलो नसतो. तिथं कठडा नव्हता, म्हनून मागं बघायचो."

"अन् आता म्हनत्यात प्यालेला होता," विमलबाई म्हणाल्या. "पोरीच्या जलमापासून शिवला न्हाई हो हा मानूस. सिद्धारामला ठावं हाय. त्यानं तरी बोलावं की न्हाई?"

"बोलंल त्यो," म्हाळूदादा छताकडं बघत म्हणाला. "भावावानी हाय."

येताना एसटीत रुद्राणी खिडकीला नाक लावून बसली होती. मध्येच वळून म्हणाली, "काका पडले, कारन पाळणा उठला न्हाई. हो ना?" मी तिला जवळ ओढून घेतलं. तिनं तेवढ्यालाच उत्तर समजून घेतलं.

विम्याचा माणूस यायचा त्या सकाळी सिद्धाराम नेहमीच्या आधी निघाले. अपघातापासून गाडी दादांच्या आवारात कुलपात होती, किल्ली त्या दिवशीच मिळणार होती. जाताना ह्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि दांडीवरचं माझं जुनं फडकं खिशात कोंबलं. फडकं कशाला? मी विचारलं नाही. कोठीत हात घातला, रिमोट काढला, डब्याच्या पिशवीत टाकला, रुद्राणीला कडेवर घेतलं आणि मागोमाग निघाले.

आवारात कुणी नव्हतं. गाडी बाभळीखाली उभी होती. सिद्धाराम शिडीपाशी उकिडवे बसून फडक्यानं काहीतरी घासत होते. फडक्यावरून पांढरं पाणी गळत होतं.

"काय पुसताय?"

ते दचकून उठले. त्यांच्यामागं तो काचेचा डोळा होता. अर्धा काळा, चकचकीत. उरलेल्या अर्ध्यावर विभूतीचे आडवे पट्टे, एकावर एक वाळून पापुद्रा धरलेले.

आमच्यात नव्या वस्तूला विभूती लागते. नांगर असो, शिलाई मशीन असो. सासूबाई दर सोमवारी विभूती पाण्यात कालवतात, तीन बोटांनी देवाला लावतात, मग आम्हाला, मग गाडीला. गाडी खेपेला निघण्याआधी दारात उभी राहते ती त्यासाठीच. समोरच्या काचेला लावतात एवढंच मी बघत आले होते. भाकरी तव्यावर टाकून गाडीच्या मागच्या अंगाला कोण जातं?

"ह्ये आत्तींनी?"

सिद्धारामनी मान हलवली. "म्हनली, शंकराचा डोळा हाय, त्याला आधी लावावं. मी हसलो. लाव म्हनलं. दर सोमवारी थर चढत गेला. त्या दिवशी हंगामाची पयली खेप, म्हनून तिनं हात भरून लावली. डोळ्याला मानूसच दिसंना, तर कठडा उठंल कसा?"

"मला वाटलं तुमीच रिमोटनं पाडला."

"तसं झालं आसतं तर बरं झालं आसतं. तोंड वर करून सांगितलं आसतं, माझी चूक हाय." त्यांनी फडकं पिळलं. "म्हाळू खाली तळमळत होता. मी रिमोट दाबला, तर कठडा झटक्यात उठला. तवा डोळ्याकडं बघितलं अन् आईची बोटं दिसली. तीन बोटं, साफ. तेवढ्यात मालक आले. रिमोट कुठाय म्हनले. तोंडातनं गेलं, म्हाळूपाशी होता."

"गेलं? अन् मग परत घेता आलं न्हाई?"

"कुनाला सांगू? आई आजबी रोज म्हाळूच्या नावानं देवापुढं बसती. तिला सांगू, तुझ्याच हातानं पडला म्हनून? उद्यापास्नं ती देवाला हात लावायची न्हाई. अन्न सोडंल."

"अन् म्हाळूदादाचं काय?"

"त्याचं हाड जुळंल, तेजश्री. आईचं मन न्हाई जुळायचं."

"त्याला दारुड्या म्हनतंय गाव. त्यो तिथं पडून म्हनतोय, सिद्धाराम बोलंल, भावावानी हाय."

ते पुन्हा खाली बसले. मला वाटलं, आता थांबतील. फडकं टाकून देतील. पण ते काचेचा कोपरा नखानं खरवडू लागले. आठवडाभर मला ह्या माणसाचा संशय येत होता. आता सगळं समोर होतं, तरी तो गेला नाही. उलट माझ्याकडंच वळला. माझ्या पिशवीत रिमोट होता, आणि मीही अजून तो बाहेर काढला नव्हता.

फाटकातून जीप आत आली. विजयसिंहदादा उतरले, पाठोपाठ विम्याचा माणूस. चष्मा, पाठीला बॅग, हातात मोबाईल. दादांनी रुद्राणीच्या गालाला हात लावला. "काय, आज सगळं घरदारच हजर? बरं झालं. बघा तुमीबी, गाडी कशी चोख हाय ते."

विम्याच्या माणसानं मोबाईलचा कॅमेरा चालू केला. "ड्रायव्हर कोण? वर चढा. नेहमी चढता तसं."

सिद्धाराम शिडीला लागले. फुस्स झालं. दोन्ही कठडे उठले, कमरेपर्यंत आले आणि खट्‌ करून थांबले. ते खाली उतरले, कठडे निजले. पुन्हा चढले, पुन्हा उठले. डोळा नव्यासारखा चमकत होता. खाली मातीत पांढरट ओल होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"काहीच दोष दिसत नाही," विम्याचा माणूस म्हणाला.

"मी काय सांगतोय साहेब? यंत्र कशाला खोटं बोलंल? मानूस बोलतो." दादा हसले. "रिमोटनं पाडला, साधी गोष्ट हाय. आमचा सिद्धाराम तिथंच उभा होता. सांग की रे."

सिद्धाराम बेडवर उभे होते, दोन्ही हात कठड्यावर. त्यांनी दादांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"रिमोट मिळाला का मग?" विम्याच्या माणसानं विचारलं.

पिशवीतला माझा हात त्या डबड्यावर होता. मी काय करणार होते, मला खरंच माहीत नाही. रुद्राणी कडेवर चुळबुळ करत होती. तिनं उठलेले कठडे पाहिले, बाबांना पाहिलं. मग माझी हनुवटी दोन्ही हातांत धरून माझं तोंड स्वतःकडं वळवलं. तिला खरं उत्तर हवं असलं की ती असंच करते.

"आई, पाळणा तर उठला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मंग म्हाळूकाका खोटं बोलले का?"