ब्रेकवरचा पाय

भावाने मागच्या चाकाला हाताने गिरकी दिली, तर ते अर्धी फेरीही न घेता खरवडत थांबलं.

"ताई, हँडब्रेक तर सोडलेला आहे. मग हे चाक कोणी धरून ठेवलंय?"

ताई गॅरेजच्या दारातून रस्त्याकडे बघत होती. शाळा सुटायची वेळ होत आली होती, आणि मुलांना घरी पोचवणारी तिची व्हॅन इथे जॅकवर टांगलेली.

"धरलेलं बरंच की. केबल अजून थोडी आवळ आणि सोड मला."

"अजून म्हणजे? आधी कोणी आवळली?"

"मीच. हँडब्रेकचा दांडा ढिला लागला की नट फिरवते."

"वा! म्हणजे पेशंटही तूच आणि डॉक्टरही तूच."

त्याने केबल सैल केली, ड्रमवर हातोडीने ठोकलं. ड्रम निघाला तशी काळी भुकटी त्याच्या मांडीवर सांडली. आतले ब्रेकचे लायनर झिजून कागद झाले होते.

"आधी ब्रेक आत चाकाशी जुळवायचे, केबल सगळ्यात शेवटी. तू उलटं केलंस. दांडा घट्ट लागत राहिला आणि तुला वाटलं, सगळं ठीक आहे."

ठीक आहे असं तिला वाटलं नव्हतंच. शाळेपुढच्या चढावर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी वीतभर मागे सरकली, त्या दिवसापासून मुलं चढून बसेपर्यंत ती ब्रेकवरचा पाय काढत नव्हती. कुणाजवळ बोललीही नव्हती. एका आईने पोर काढून घेतलं की बाकीच्याही घेणार. मग घर कशावर चालायचं?

"नवे लायनर आणून बसवायला संध्याकाळ होईल," भाऊ म्हणाला. "पंक्चर झालं म्हणून सांग. कोण बघायला येतंय?"

ती येरझारा घालू लागली. फोन काढला, परत ठेवला, परत काढला.

"एका जागी उभी राहा गं. तुझ्याकडे बघून मला चक्कर येते."

तिने नंबर लावला.

"चिमीची आई, आज गाडी येत नाही. ब्रेक गेलेत." ती थांबली. "आज नाही गेले. बरेच दिवस झाले. मला ठाऊक होतं."

पलीकडे वाहता नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मी जाते शाळेत. बाकीच्यांनाही कळवते." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचा पाय दुखत नाहीये?"

"पाय?"

"चिमी म्हणते, काकू हल्ली खाली उतरून दार उघडत नाहीत, नुसत्या पाय दाबून बसतात. सकाळी मलम भरलंय तिने दप्तरात. येताना तुम्हाला देणार होती."

"उद्या..." ताईने विचारायला घेतलं.

"उद्याचं उद्या बघू," चिमीची आई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" भावाने मान वर केली.

ताई जुन्या टायरवर बसली. वाकून उजवी पोटरी चोळू लागली. खरंच दुखत होती.