काळ्या वाळूवरचा तास

मास्तरांना पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले होते. हातपाय सावरले, पण शब्द काही हाती लागत नव्हते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेले मास्तर आता चमच्याला पेन म्हणत, धाकट्या लेकीला थोरलीच्या नावाने हाक मारत. चूक कळली की रुसून गप्प बसत. चारचौघांत तर तोंडच उघडत नसत.

ही धाकटी कॅमेरावाली. एका माहितीपटासाठी काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर चित्रीकरण करायचं काम तिला मिळालं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, चला. फळ्यावर इतके ज्वालामुखी काढलेत, एकाची करणी डोळ्यांनी बघा तरी."

"त्यांना कशाला दगदग?" आई म्हणाली. तोवर मास्तर बूट घालून दारात उभे!

किनाऱ्यावर वारा नुसता भणाणत होता. एका बाजूला काळ्या खडकाचे सहाकोनी खांब, एकमेकांना खेटून उभे. खाली डांबरासारखी काळीकुट्ट वाळू.

"ताई, समुद्राकडे पाठ करू नका," किनाऱ्यावरच्या रखवालदाराने बजावलं. "इथली लाट कधी कुठवर येईल, नेम नाही."

तिने बाबांना वरच्या दगडावर बसवलं आणि खाली कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. काळ्या वाळूपुढे कॅमेरा फसत होता. सगळं उजळ करून वाळू राखाडी दाखवत होता. प्रकाश कमी करता करता ती खांबांकडे वळली, डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. आपली पाठ समुद्राकडे झाली, हे तिच्या गावीही नव्हतं.

"चिमे! लाट! वर पळ!" वरून बाबा ओरडले.

मागे न बघता ती पळाली. पाण्याने गुडघ्यापर्यंत गाठलंच, पण रखवालदाराने दंडाला धरून वर ओढलं. तिकाटणं आडवं झालं, कॅमेरा पाणी प्यायला. ती मटकन बाबांशेजारी बसली.

"बाबा, मला चिमी म्हणालात. ताईचं नाव नाही घेतलंत."

"मग काय... म्हणू?" मास्तर खाली वाकले. त्यांनी मूठभर वाळू उचलली. "ही... ही..."

घरी असं अडलं की कुणीतरी पटकन शब्द पुरवायचं. आत्ता तिलाच धाप लागली होती.

"लाव्हा," मास्तर म्हणाले. "तापलेला. पाण्यात पडला. तडकला. त्याचा... चुरा."

तिने ओल्या हातांनीच पिशवीतला छोटा कॅमेरा काढला. मास्तरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, गळ्याशी आलेली कॉलर सारखी केली आणि पुढे बोलू लागले. अडखळत, मध्येच थांबत. एकदा लाटेला "गाडी" म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. आठ महिन्यांत तिने ते हसू ऐकलं नव्हतं. कॅमेरा हलला, तिने हलू दिला.

रखवालदार काठी टेकून ऐकत होता. "मास्तर होतात वाटतं?"

"आहे," मास्तर म्हणाले.

"मग ते खांब कसे झाले, ते सांगा की. सहा वर्षं राखतोय, लोक विचारतात आणि मी आपला काहीबाही ठोकून देतो."

मास्तरांनी दगडावर सरकून त्याला जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "वेळ... लागेल."