पाचवं शील

पाचव्या शीलाला रामजीने तोंड मिटलं. परळच्या चाळीतल्या खोलीत जमलेल्या पंचवीस माणसांचा आवाज त्याच्यावाचून पुढे गेला. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष होत आलं, तरी दर रविवारी हेच. चार शीलं खणखणीत म्हणायची आणि दारू पिणार नाही, या पाचव्याला गप्प बसायचं. घसा बसला म्हणावं, तर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यात ‘झालाच पाहिजे’ म्हणताना याचा आवाज लालबागपर्यंत जाई.

वंदना सांगणाऱ्या बाबुरावांनी आज त्याला हटकलं. मनात नसलं तरी तोंडाने म्हण, म्हणता म्हणता अंगी लागेल, असं समजावून पाहिलं.

"चौथं आत्ताच म्हटलं ना, खोटं बोलणार नाय," रामजी म्हणाला. "लगेच पाचव्यात खोटं बोलू?"

काही जण हसले. त्याची बायको जाईबाई हसली नाही. शिवडीच्या खाजणातली हातभट्टीची पिऊन दोन-दोन दिवस गिरणीचं तोंड न बघणाऱ्या माणसाचा हा खरेपणा! तिला त्याचा संताप आला.

मंगळवारी रामजी पुन्हा उठला नाही. गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, माणूस दारात आला, तेव्हा ह्यांना ताप आहे, असं जाईबाईने सांगितलं. तीन वर्षं ती हेच सांगत होती. आता एक खाडा झाला तर नोकरी गेली समजा, असं बजावून तो गेला. रामजीने घोंगडीखालून सगळं ऐकलं.

पुढच्या रविवारी चौथं शील आलं. ‘मुसावादा वेरमणी’ सगळे म्हणाले, पण एरवी सगळ्यांच्या वर ऐकू येणारा जाईबाईचा आवाज नव्हता. बाबुरावांनी थांबून विचारलं, विसरलात का?

"विसरले नाय." तिने पदर खांद्यावरून घेतला. "ह्यांना ताप आहे म्हणून तीन वर्षं सांगतेय मी. आता कुणी दारात आलं, की खरं सांगणार. ते एकदा सांगितलं, की मग म्हणेन चौथं."

या वेळी कोणी हसलं नाही. खरं सांगितलं, तर आपल्याच चुलीवर पाणी पडणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिची मान ताठ होती. रामजी तिच्याकडे बघत राहिला.

बाबुरावांनी पाचव्यासाठी श्वास घेतला.

"जरा हळू सांगा," रामजी म्हणाला. "सगळ्यांना पाठ आहे. मला नाय."