वीस सेकंदांचे पाहुणे

मिस्त्रींनी ‘पुढे’चं बटण दाबलं, मांडीवरची परात सारखी केली आणि मटाराची शेंग उचलली. पडद्याच्या कोपऱ्यात वीसचा आकडा उमटला, एकोणीस झाला, अठरा झाला. तीन शेंगा सोलून होईपर्यंत तो शून्यावर येई. मग चार चित्रांतली दोन सारखी ओळखून त्यांतल्या एकावर बोट ठेवायचं, की पुढचं पान हजर. कुणाचं पान, कशाचं पान, हे बघायची गरज नव्हती. वीस सेकंद ते उघडं राहिलं पाहिजे, एवढीच अट.

दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून सहाशे पानं झाली होती आणि मिस्त्रींचे डोळे चुरचुरत होते.

चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, आणि दुकानाबरोबर माणसांचं येणं-जाणंही बंद झालं. घरात माणूस किती बसणार? मुलीनं त्यांना ब्लॉग काढून दिला. “बाबा, डोक्यात आहे ते सगळं लिहून काढा, कुणाच्या तरी कामी येईल,” म्हणाली. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. एका बोटानं टाइप करत दोन वर्षांत साठ लेख लिहिले. सुई का मोडते, पट्टा का घसरतो, तेल कुठे घालायचं आणि कुठे चुकूनही घालायचं नाही. एकेका लेखाला आठवडा लागे. वाचायला चिटपाखरू फिरकलं नाही.

मग मुलीनंच ही अदलाबदलीची जागा शोधली. आपण दुसऱ्यांची दोन पानं उघडायची, की त्यांच्यातला कुणीतरी आपलं एक उघडतो. कोण कुठून आलं, त्याची यादीही मिळते. पहिल्या दिवशी सत्तर माणसं आली. मिस्त्रींनी तो आकडा बायकोला दाखवला, शेजारच्यांना दाखवला, दूधवाल्याला दाखवायचं तेवढं राहिलं.

हवा निघायला महिना लागला. एक पाहुणा सरासरी किती वेळ थांबतो, तेही तिथे लिहिलेलं असे. एकवीस सेकंद.

“बाबा, ते सगळे तुमच्यासारखेच,” मुलगी फोनवर म्हणाली. “वीस सेकंद बसतात आणि उठतात.”

“मग तो वरचा एक सेकंद?”

“चित्रं ओळखायला लागत असेल.”

मिस्त्री हसले होते, पण ते त्यांना लागलं. तरी त्यांनी सोडलं नाही. शंभरात एखादा तरी वाचत असेल, निदान एक, या आशेवर ते रोज पानं उघडत राहिले. लेखाखाली प्रतिक्रिया लिहायची सोय होती, ती मात्र त्यांनी बंद करून टाकली. तिथे फक्त पोट कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती येत. नवा लेख लिहून चार महिने झाले होते. पानं उघडण्यातच दिवस जाई, लिहिणार कधी?

“आलं का कुणी?” बायको रोज चहाच्या वेळी विचारी. ती खिडकीपाशी मशीनवर लोकांचे उसवलेले कपडे दुरुस्त करत बसलेली असे.

“तीनशे,” मिस्त्री सांगत.

“त्यांना चहा विचारला का?” असं ती म्हणे आणि पुन्हा पायडल मारू लागे.

आज मात्र शेंगा सोलता सोलता कोपऱ्यातला आकडा सातावर अडकला.

मिस्त्रींनी दोन शेंगा जास्तीच्या सोलल्या. आकडा हलेना. नेट गेलं होतं. पान मात्र पूर्ण उघडलेलं होतं. पिवळंधमक पान, वर डब्यात लावलेल्या रोपाचं चित्र. हे पान त्यांच्या ओळखीचं होतं, रोज दुपारी एकदा तरी समोर यायचं. त्यावर काय लिहिलंय ते मात्र कधी वाचलं नव्हतं. आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी परात बाजूला ठेवली आणि जवळचा चष्मा लावला.

चित्राखालीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मशीनवाले काका, हे तुमच्यासाठी.’

मिस्त्रींनी चष्मा वर-खाली केला.

‘काका, तुम्ही रोज माझ्या बागेच्या पानावर येता, यादीत तुमच्या ब्लॉगचं नाव दिसतं. तुमच्याकडे प्रतिक्रिया बंद आहेत, म्हणून इथेच लिहिते. तुमचे साठही लेख मी वाचले. आई गेल्यावर तिची मशीन माझ्याकडे आली. मला शिवता येत नव्हतं, तुमचं वाचूनच शिकले. आता कापडाखाली दोऱ्याचा गोळा होतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे बॉबिन काढून पुसली, सुई बदलली, ताण कमी-जास्त करून पाहिला. तरी तेच. काय चुकतंय?’

खाली दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

उत्तर एका ओळीचं होतं. मिस्त्रींना ते वाचता वाचताच कळलं. साठ लेखांत ती ओळ कुठेच नव्हती, हेही कळलं. ती लिहायला लागते, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

खाली तिनं तारखा टाकून भर घातली होती. ‘काका, आज फोटो टाकलाय, बघता का?’ फोटोत गोळा झालेला दोरा आणि मागे धरलेला अंगठा. मग आठ दिवसांनी, ‘आलात, पण बोलला नाहीत. घाई असेल.’ मग बरेच दिवस काही नाही. शेवटची नोंद गेल्या रविवारची होती.

‘काका, मशीन देऊन टाकली. आईचा हात होता, माझा नाही, एवढंच. तुम्ही मात्र येत जा. बाकीचे नुसते येऊन जातात. रोज कुणीतरी आपलं वाचतंय, एवढ्यानंही बरं वाटतं.’

मिस्त्रींनी पान खाली सरकवलं. तळाशी प्रतिक्रियेची चौकट उघडीच होती. त्यांनी तिच्यात बोट ठेवलं. काय लिहायचं? मशीन तर गेली.

चार वाजता बायकोनं चहा आणून ठेवला.

“आलं का कुणी?”

“एक जण आली होती.”

“एकच?” बायको थट्टेनं म्हणाली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि स्टूल ओढून शेजारी बसली. “काय म्हणत होती?”

“कापडाखाली दोऱ्याचा गोळा होतो म्हणत होती. सगळं करून पाहिलंन तिनं.”

“कापड दाबायचा पाय खाली ठेवून दोरा ओवला असेल,” बायको म्हणाली. “तो वर उचलून ओवायचा, की झालं. शेंबडं पोरही सांगेल.”

“हो.”

“मग सांगितलंत ना?”

मिस्त्रींनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मधे केव्हातरी नेट आलं होतं. आकडा शून्यावर पोचला होता आणि खाली चार चित्रं येऊन थांबली होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पान पुन्हा वर नेलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, या वेळी मोठ्यानं, बायकोला ऐकू जाईल असं.