वन्संना काम कोण सांगणार?

अकरा वर्षं लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घातल्यावर चिमणी मॅनेजर झाली आणि तिच्या हाताखाली तिची मोठी नणंद आली. नाकापेक्षा मोती जड, तो असा. घरी वन्सं म्हणतील ती पूर्व. इथं मात्र चिमणीनं वन्संना काम सांगायचं!

तिनं ते सांगितलंच नाही. वन्संच्या वाटचं काम दिसलं की ती स्वतःच उरकून टाकायची. अगदीच अडलं, तर भिंतीकडे बघून म्हणायची, "कुणीतरी ती टोपली हलवली तर बरं होईल." भिंत हलवत नसे. वन्संही नाही.

असे तीन महिने गेले आणि मॅनेजरकीच्या चाचणीची मुदत संपली. मालकांनी सकाळीच सांगितलं, "हॉटेलच्या सहाशे चादरी चारच्या गाडीत चढल्या, तर किल्ल्या कायमच्या तुमच्या. नाहीतर उद्यापासून पुन्हा घड्यांच्या टेबलावर."

चिमणी तयारीत होती. मोठ्या चादरीला दोघं लागतात. दोघं सारख्या उंचीची असली की काठाला काठ बसतो, हा तिचा शोध. तिनं शिंप्याकडची टेप आणून घड्या घालणाऱ्या तेराही जणांना मोजलं, सहा जोड्यांचा तक्ता भिंतीवर लावला. वन्सं सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, त्यांच्या मापाचं कुणी निघेना, म्हणून त्यांच्यापुढे लिहिलं : राखीव. हे लिहिताना तिला जरा जास्तच हायसं वाटलं, पण ते तक्त्यात कुठं दिसतं?

गोम अशी, की इथल्या घड्या वन्संच्या आवाजावर पडत. "धर! झटक! भेट!" 'भेट' म्हटलं की समोरासमोरचे दोघं चालत जवळ येणार, टोकाला टोक लावणार, मागे सरणार. चिमणीनं हे सगळं शिट्टीवर नेलं.

शिट्टी वाजते ती एकसारखीच. कुठली झटकायची आणि कुठली भेटायची? निम्मे झटकत होते तेव्हा निम्मे भेटायला निघाले. दोन गप्पिष्ट मैत्रिणी, नेमक्या एकाच मापाच्या, भेटल्या त्या भेटल्याच. धुलाईवाल्या काकांच्या डोक्यावर ओली चादर पडली आणि आतून आवाज आला, "दिवे कुणी घालवले?" मग जी हसण्याची साथ पसरली, ती जेवणाच्या सुट्टीतही ओसरली नाही.

अडीच वाजले, चादरी झाल्या दोनशे दहा. चिमणी या टेबलावरून त्या टेबलावर. याचं टोक ओढ, तिची घडी मोड, पुन्हा घाल. आपला हात जगन्नाथ! ती जाईल तिथली माणसं हात मोकळे सोडून कौतुकानं बघत उभी. बघे वाढले, घड्या घटल्या. वन्सं ड्रायरला टेकून हाताची घडी घालून उभ्या होत्या. तेवढी एकच घडी सरळ.

शेवटी चिमणी त्यांच्यासमोर आली. "वन्सं... म्हणजे तुम्हाला जमलं तर... तसं काही नाही, पण..."

"कुणाशी बोलतेस? भिंतीशी?"

"तुमच्याशी."

"मग सांग की! तीन महिने ताटकळतेय. मला वाटलं, भावजयीला माझं काम पसंत नाही."

चिमणीनं आ वासला. वन्सं हाताखाली आल्या म्हणून रुसल्यात, असं ती धरून चालली होती. त्या रुसल्या होत्या, ही आपल्याला हाताखाली घेतच नाही म्हणून!

तिनं तक्ता फाडला, शिट्टी काकांना देऊन टाकली. "वन्सं, ताल तुम्ही धरा. जोड्याही तुम्हीच लावा. चारच्या आत सगळं हवंय."

"आणि तू?"

"मी चादरीला हात लावणार नाही."

"बघू हं." वन्संनी तिचे दोन्ही हात तिच्याच एप्रनच्या खिशांत कोंबले आणि वळून गरजल्या, "धर!"

काय सांगावं! गप्पिष्ट मैत्रिणींची ताटातूट झाली, ताडासमोर माडाऐवजी बुटका आला, आणि चादरी शिडांसारख्या फुगू लागल्या. एक काठ वाकडा गेला तेव्हा चिमणीचे हात खिशात उंदरासारखे धडपडले. तिनं दात आवळले. हात अडकले तसे डोळे मोकळे झाले. घड्यांच्या ढिगांनी टेबलं अडलीत, हे तिला आत्ता दिसलं. "काका, सगळं व्हायची वाट बघू नका, झालेलं गाडीत भरा!"

चारला पाच कमी असताना मालक आले. "सगळे राबतायत आणि मॅडम खिशात हात घालून?"

"झटक! त्यांना मधे बोलू नका. भेट! त्या कामात आहेत. धर!" वन्सं म्हणाल्या, आणि त्या आवाजानं मालकांनीही पुढ्यात आलेलं टोक धरलं. सहाशेवी चादर त्यांच्याच हातची.

गाडी सुटली. किल्ल्यांचा जुडगा चिमणीच्या ओंजळीत पडला. वन्संनी कोपऱ्यातलं जाड जुनं कापड ओढून जमिनीवर पसरलं आणि भावजयीला अलगद उचलून मधोमध ठेवलं.

"वन्सं, नको! अहो, मी मॅनेजर..."

"काठ धरा सगळे! झटक!"

चिमणी छताच्या नळांपर्यंत उडाली. तिथून ती किंचाळली, "थांबा! हा माझा हुकूम आहे!"

"ऐकला!" खालून सगळे ओरडले आणि तिला पुन्हा उडवलं.