हरिचंद्रचा निळा कोट

हरिचंद्रने हयातीत कधी कोट घातला नाही. मेल्यावर पोराने, मिलिंदने घातला.

गेल्या वर्षीच्या पुराने मांजर्लीतल्या खोलीतले सगळे फोटो नेले. राहिला तो कंपनीच्या ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा. उल्हासनगरच्या सिंधी फोटोवाल्याने तो कॉम्प्युटरवर मोठा केला, गळ्याखाली निळा कोट न् लाल टाय जोडली. चार वाजता घरी पुण्यानुमोदन, बौद्ध रीतीचा श्रद्धांजलीचा विधी, होता.

"साई, लाइट गयी. लॅमिनेशन नाही होणार," फोटोवाला म्हणाला. "शाई कच्ची आहे, पानी मत लगाना."

"पिशवी तरी द्या."

"पुरानंतर प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या ना! पेपर घे."

बाहेर कडक ऊन. पेपरात गुंडाळलेला बाप स्कूटरच्या पुढ्यात उभा करून मिलिंद निघाला. अंबरनाथला आभाळच फाटलं. तो चहाच्या टपरीत घुसला, पाऊस थांबला. निघाला, परत सुरू. पेपरचा लगदा झाला, तो फेकून त्याने फोटो शर्टाच्या आत बनियनला चिकटवून ठेवला. मग असं ऊन पडलं की अंगातून घामाच्या धारा लागल्या. पुढची टपरी आली तशी त्याने फोटो काढून बाकड्यावर सुकत घातला आणि कटिंग सांगितली. आभाळ कसं धुतल्यासारखं स्वच्छ.

चहा आला. सोबत पाऊसही आला.

मिलिंद घरी पोचला तेव्हा साडेचार झाले होते. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, शेजारीपाजारी, सगळे रिकाम्या टेबलाकडे बघत बसलेले. आईने, भागीरथीने, कागद हातात घेतला. चेहऱ्याच्या जागी करडा डाग होता, त्याखाली काहीच नव्हतं. मिलिंदने ओला शर्ट काढला. निळा कोट टायसकट बनियनवर उमटला होता.

"कोट तूच घालून आलास की रे!" किसनकाका बोलून गेले. कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

भागीरथी हसली नाही. "दोनदा नेलं त्यांना पाण्यानं," एवढंच म्हणाली.

मग तिने मिलिंदकडून ओळखपत्र मागून घेतलं. ते प्लास्टिकमध्ये बंद होतं, म्हणून कोरडं राहिलेलं. वाटीला टेकवून टेबलावर उभं केलं. मेणबत्ती फोटोच्या चौपट उंच. एकेक माणूस पुढे यायचा आणि हरिचंद्र कुठे आहे ते कळेना म्हणून नाक लागेस्तोवर वाकायचा.

"मागं घे रे ती मेणबत्ती," भागीरथी म्हणाली. "प्लास्टिक वितळंल. आता एवढेच उरलेत."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.